पागोळीची हद्द

लोणावळे, ४ मार्च १९३७

जेवणानंतर मी मुक्तेला वातभारमापकाचे तत्त्व समजावून देत होतो. पारा नळीत का चढतो आणि पुण्यापेक्षा लोणावळ्यास तो किंचित खाली का राहतो, एवढे सांगून होताच ती म्हणाली, "अण्णा, मागच्या अंगणात एक खोली बांधू या का?"

प्रश्नाचा वातभाराशी काही संबंध नव्हता. तथापि विचारणे वाजवी होते. मुक्ता माझी धाकटी बहीण. तिला अकाली वैधव्य आले, पुढे माझी पत्नी निवर्तली, आणि तेव्हापासून माझे घर तीच पाहते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही गेल्या दिवाळीच्या सुमारास या घरात कायमचे राहावयास आलो. पूर्वी फक्त उन्हाळ्याच्या सुटीत येत असू, त्यामुळे येथील पावसाळा आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तो अतिशय असतो असे ऐकतो. सरपण कोरडे ठेवण्यास स्वतंत्र खोली हवीच.

"लाकडांसाठी ना?" मी विचारले.

ती म्हणाली, "लाकडं राहतील की तिथे."

तिच्या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटले.

८ मार्च

म्युनिसिपालिटीच्या कचेरीत जाऊन अंगणातील जोडइमारतींचे नियम वाचून आलो. लोक नियमांना कंटाळतात, कारण नियमामागील भय त्यांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक नियम म्हणजे पूर्वी घडलेल्या कोणत्या तरी अनर्थाची आठवण असते. उदाहरणार्थ, जोडइमारत राहत्या घरापासून दहा फूट दूर असावी. का? एकीस आग लागली तर ज्वाला दुसरीवर जाऊ नये म्हणून. जोडइमारतीत चूल घालू नये, याचे कारण तेच. तिथे घरमालकाच्या नोकरवर्गाखेरीज कोणी वस्तीस राहू नये. नाही तर एका घराच्या परवान्यावर पाच घरे उभी राहतील. आणि छपरावरून गळणारी पागोळी आपल्याच हद्दीत पडली पाहिजे, म्हणजे शेजाऱ्यांचे भांडण होणार नाही. किती सुसंगत रचना आहे!

संध्याकाळी हे सर्व मुक्तेला उलगडून सांगितले. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "चूल अजिबात नाही?"

मी आगीचे कारण पुन्हा सांगितले.

"आणि कौलं घातली तर?"

कौलांखाली आगीचे भय कमी, हे तत्त्वतः मान्य केले पाहिजे. परंतु लाकडांच्या खोलीत चूल कशाला, हे मी विचारले तेव्हा तिचे तांदूळ निवडून झाले होते.

१५ मार्च

नकाशा काढावयास बसलो. मुक्तेच्या सूचना फार बारकाईच्या असतात. दार आपल्या घराकडे न ठेवता रस्त्याच्या बाजूस ठेवावे, असे तिचे म्हणणे. वाऱ्याची दिशा तिने विचारात घेतली असावी. मग तिने विचारले, "अण्णा, पडवीत बसून तुम्ही मोठ्याने वाचता, ते दहा फुटांवर कितपत ऐकू येईल?"

या प्रश्नाने मी अत्यंत हर्षित झालो. मी तिला सांगितले की अंतर दुप्पट झाले म्हणजे आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. परंतु दहा फूट हे अंतर किरकोळ असून, माझा वर्गात कमावलेला आवाज तेथे शब्द न् शब्द स्पष्ट पोहोचेल. तिने निश्चिंत असावे.

"मग मधे भिंत जाड घालू," ती म्हणाली.

लाकडांना जाड भिंत लाभदायकच. दमट हवा आत येत नाही.

६ एप्रिल

परवानगी मिळाली. आज गेणू कामास लागला. भुशीच्या वरच्या वाडीत राहणारा हा गृहस्थ कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती, गवती छपरे आणि दगडमातीचे काम करतो; त्याची बायको बाया आम्हांस सरपण आणून देते. गेणूने सहजच विचारले, "मास्तर, लाकडाच्या खोलीला गवताचं छप्पर लय झालं. कौलं कशापायी?"

माझ्याआधी मुक्ताच बोलली. "गेणू, तू कौलंच घाल."

"घालतो बाई. लाकडं मोठ्या घरची दिसत्यात."

बाया खो खो हसली आणि मुक्ताही हसली. दोघींचे चांगले जमते. बाया येते तेव्हा मुक्ता तिला चहा देते, अर्थात बाहेर, तुळशीच्या कट्ट्याशी. आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसते. आमच्या घरी ही पद्धत चालत आलेली आहे. त्या स्थितीतही त्या तासभर बोलतात. विषय काय असतो, समजत नाही.

३ मे

आज अपमानास्पद प्रसंग घडला. काम पुरे झाले म्हणून म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर महिपतराव पाहणीस आले. हे कुसगावच्या जुन्या शेतकरी घराण्यातले, बोलण्यात मोकळे. मी त्यांना उत्साहाने अंगणात नेले आणि अंतर स्वतः टेपेने मोजून दाखवले. मग त्यांनी दार उघडले.

आत कोपऱ्यात दोन तोंडांची चूल होती, सारवून गुळगुळीत केलेली. भिंतीत फडताळ. खिडकीखाली एक पाट. लाकूड एकही नव्हते.

महिपतरावांनी वाकून चुलीचे तोंड पाहिले. "मास्तर, लाकडं आपला आपला स्वयंपाक करणार का?"

मुक्ता मागे येऊन उभी राहिली होती. तीच म्हणाली, "चूल मी घातली. अण्णांना ठाऊक नव्हतं. मी इथे राहणार आहे."

महिपतरावांनी टोपी काढून घाम पुसला. जून लागण्यापूर्वी परवान्याप्रमाणे करा, नाही तर खोली पाडण्याची नोटीस काढावी लागेल, असे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

चाळीस वर्षे मुलांना नियम शिकवणाऱ्याच्या अंगणात नियमभंग. ती 'राहणार' म्हणजे काय, तेही समजले नाही. ती राहतेच आहे की.

४ मे

मार्ग निघाला! महिपतरावांना रस्त्यात गाठले, तेव्हा त्यांनीच सुचवले, "नोकरवर्गाला राहायची मुभा आहे ना? मग अर्जात बाईंना तुमची स्वयंपाकीण म्हणून दाखवा. चुलीचं मग मी बघतो. गावात असं चालतं."

नियमाच्या चौकटीतच नियमावरचा उपाय! मी जवळजवळ धावतच घरी आलो आणि मुक्तेला सांगितले.

"स्वयंपाकीण," ती म्हणाली.

"केवळ कागदोपत्री, मुक्ते."

"आणि कागद नव्हता तेव्हा कोण होते मी?"

प्रश्नाचा रोख ध्यानात आला नाही. मी म्हणालो, "तेव्हा असे कोणी विचारले नव्हते."

"खरं आहे." ती उठली. "खोली पाडा, अण्णा. त्या नावाने मला ती नको."

ज्या खोलीसाठी तिने दोन महिने इतका आटापिटा केला, ती एका शब्दासाठी पाडावयास निघाली. यात तर्कशुद्धता नाही. तरी मन अस्वस्थ आहे.

७ मे

मुक्ता बोलते, पण कामापुरते. आज पडवीत वाचत असता अंगणातले बोलणे कानी पडले.

"बाई, चूल पाडनार म्हनं तुमची?"

"हो."

"मंग तुमी कुटं जानार?"

"कुठे जायचं, बाया? आहे तिथेच."

"आता काय सांगावं बाई. माजा दादला तापट हाय, पन चूल माजी हाय. तिच्यात फुकर कवा घालायची, त्ये म्या ठरवती."

मुक्ता हसली नाही. मी पुस्तकाचे पान उलटले. पण कोणते वाचत होतो ते सांगता येणार नाही.

११ मे

महिपतराव पुन्हा आले. नोटीस काढण्यापूर्वी त्यांना वस्तीची नोंद करावयाची होती. मी एकेक खोली दाखवत गेलो. ही पडवी, माझे टेबल व पुस्तकांची कपाटे. ही माझी निजण्याची खोली. ही पाहुण्यांची, चिरंजीव नागपुराहून येतात तेव्हा लागते. हे देवघर, हे स्वयंपाकघर.

"आणि बाई कुठल्या खोलीत असतात?"

"इथेच," मी म्हणालो.

"इथेच म्हणजे कुठल्या?"

मी माजघराकडे बोट केले. तिथे लोणच्याच्या बरण्यांच्या मांडणीखाली तिची ट्रंक आहे आणि भिंतीला वळकटी टेकवलेली असते. माजघर ही खोली नव्हे. चार दारे जिथे उघडतात ती जागा. या घराचा नकाशा मी स्वतः काढला आहे. त्यासाठी एक संपूर्ण उन्हाळी सुटी खर्च केली. वारा, उजेड, पाण्याचा उतार, सर्व काही विचारात घेतले होते.

महिपतरावांनी काहीच लिहिले नाही. "मी पुढच्या आठवड्यात येतो, मास्तर," एवढेच बोलून ते गेले.

१५ मे

चार दिवस नियमांचे पुस्तक पुन्हा मुळापासून वाचले. पूर्वी मी फक्त जोडइमारतींचे प्रकरण वाचले होते, ही माझी चूक. स्वतंत्र घराचे प्रकरण त्याच्या पुढे आहे. जागेचा एक भाग वेगळा करून दुसऱ्याच्या नावे केला, तर त्यावर लहानसे घरसुद्धा स्वतंत्र मानले जाते. मात्र त्यास रस्त्याकडे स्वतःचे दार हवे, कौलारू छप्पर हवे, आणि पागोळी त्याच्याच हद्दीत पडली पाहिजे. मग चूल तर हवीच! चुलीवाचून ते घरच नव्हे.

दार रस्त्याकडे आहे. छप्पर कौलारू आहे. मुक्तेने जणू हे प्रकरण वाचूनच खोली बांधली.

मी तिला हे क्रमवार समजावून सांगितले. मागील अंगण तिच्या नावे करून देतो, दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्यावर हद्दीच्या खुंट्या मारू, इत्यादी. माझे बोलणे तिने आज प्रथमच मध्ये तोडले.

"घराला नंबर वेगळा?"

"वेगळा."

"आणि नाव?"

"ज्याचे घर त्याचे. येथे 'मुक्ताबाई' असे येईल. नोकर, आश्रित वगैरे रकाना या प्रकरणात नाहीच. रचना फार स्वच्छ आहे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

२२ मे

जागा मुक्तेच्या नावे केली, खुंट्या मारल्या, आणि महिपतरावांनाही बेत पसंत पडला. "नंबर देईन," ते म्हणाले, "पण पागोळीची हद्द पाहिल्यावर."

मी टेप आणावयास निघालो, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"टेपेनं नाही. आमच्या मावळात हद्दीचं भांडण असलं की पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊ देतात. पागोळीखाली जमिनीत खड्ड्यांची ओळ पडते, ती बघायची. तिला कोणी नाही म्हणत नाही. तोवर नोटीस माझ्या खिशात राहील."

ही पद्धत मला मोठी शास्त्रीय वाटली.

८ जून

गेणू आणि बाया पावसाळ्याची तयारी करून गेले. येथे पावसाची झड पश्चिमेकडून आडवी येते. म्हणून घराच्या त्या अंगास कारवीच्या काठ्यांवर गवत बांधून आडोसा घालतात. वळचणीपासून थेट जमिनीपर्यंत तिरपा, पाय बाहेर फेकलेला. माझी पुस्तकांची पडवी पश्चिमेसच आहे. आडोसा बांधून झाल्यावर आत उबदार काळोख झाला. दिवा लावून वाचावे लागेल. पण कपाटे सुरक्षित राहतील, याचे समाधान आहे.

१७ जून

आज उघाड मिळताच महिपतराव आले. मुक्तेच्या छपराची पागोळी चारही बाजूंनी तिच्याच जागेत पडली होती. लहान लहान खड्ड्यांची ओळ, जणू रांगोळीचे ठिपके. मी अभिमानाने तिच्याकडे पाहिले.

मग महिपतराव माझ्या घराकडे वळले आणि थांबले. माझ्या आडोशावरून उतरलेल्या पाण्याची ओळ हद्दीच्या खुंट्यांपलीकडे, मुक्तेच्या जागेत पडली होती.

मी भिंतीपासून मोजले होते. वैशाखातल्या कोरड्या भिंतीपासून. या गावात घर ज्येष्ठात वाढते, हे उन्हाळ्यात येणाऱ्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही.

"पाणी तुमचं, जागा बाईंची," महिपतराव म्हणाले. "अशानं नंबर नाही देता येणार, मास्तर. हद्द बाईंच्या भिंतीकडे सरकवा, नाही तर आडोसा काढा."

हद्द तिकडे सरकवावी तर मुक्तेची पागोळी माझ्या जागेत येते आणि तिचे घर पुन्हा जोडइमारत ठरते. आडोसा काढावा तर पडवीत झड शिरते. मी दोन्ही बाजू मांडून बघत होतो. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "राहू दे, अण्णा. पुस्तकं भिजतील. मी आहे माजघरात."

ती रागाने बोलली असती तर बरे झाले असते. ती समजुतीने बोलली.

१८ जून

सकाळी छत्री घेऊन भुशीला गेलो आणि गेणूला व बायाला बोलावून आणले.

"काढ आडोसा."

"मास्तर, झड आत येईल बगा. कपाटं भिजत्याल."

"कपाटे आत नेऊ."

"आत कुटं? जागा कुटं हाय तुमच्याकडं?"

प्रश्न रास्त होता. पाहुण्यांची खोली आहे, असे मी म्हणालो. चिरंजीव आले तर पुस्तकांमध्ये निजतील. गेणूने, बायाने आणि मी मिळून दुपारपर्यंत कपाटे हलवली. मुक्ताही पदर खोचून आली. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर, हे ती मला न विचारता लावत गेली आणि एकदाही चुकली नाही. मी तिला यांपैकी बहुतेक वाचून दाखवली आहेत. तिने आवर्जून ऐकलेली कोणती आणि नाइलाजाने ऐकलेली कोणती, हे विचारावेसे वाटले. पण धीर झाला नाही.

संध्याकाळी पडवीत पाणी आले. मात्र कपाटे निघाल्यामुळे मुक्तेच्या कौलांपलीकडचे पश्चिमेचे डोंगर तेथून पहिल्यांदाच पूर्ण दिसले.

२४ जून

नंबर मिळाला. महिपतरावांनी खिशातली नोटीस काढून मुक्तेच्या हाती दिली. "बाई, हिनं चूल पेटवा."

"पहिल्या चुलीला सरकारी कागद नको," ती म्हणाली. "बायानं कारवी आणलीय."

तिची ट्रंक गेणूने डोक्यावरून नेली. आमच्या दोन घरांमध्ये दार नाही, त्यामुळे त्याला माझ्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याने जावे लागले. व्यवस्था अशी की सकाळी मुक्ता स्वयंपाक करील तेव्हा मला बोलावील. संध्याकाळचे मी पाहावे. ही व्यवस्था तिने ठरवली आणि मला कळवली.

संध्याकाळी मी भात केला. पाण्याचे प्रमाण तत्त्वतः बरोबर होते.

२७ जून

आज तिच्या घरी जेवावयास गेलो. छत्री उघडून फाटकाबाहेर पडलो, कोपऱ्यावरून वळलो आणि दारावर थाप दिली. "या," आतून आवाज आला. माझ्या बहिणीने मला 'या' म्हणून बोलावण्याची ही पहिलीच वेळ. आजवर मीच बाहेरून येत असे, आणि ती आत असेच.

चुलीजवळ बाया उकिडवी बसून चहा पीत होती. उंबऱ्याच्या आत. मला पाहून ती उठू लागली, तेव्हा मुक्ता म्हणाली, "बस ग. माझं घर आहे." बोलण्यास माझ्यापाशी नियम नव्हता.

मुक्तेने समोरासमोर दोन पाट मांडले. माझे पान वाढले, मग स्वतःचे वाढले, आणि बसली. मी वाट पाहत राहिलो, कारण माझे जेवण होईपर्यंत ती नेहमी वाढीत असते आणि मागाहून जेवते. ती कशी जेवते, हे मी लहानपणानंतर पाहिलेले नाही. तिने भाकरी मोडली आणि माझ्या आधी पहिला घास घेतला. भाकरीबरोबर तिच्या पानात हिरव्या मिरचीचा ठेचा होता. तो ती चवीने, सावकाश खात होती. कपाळावर घाम आला तरी थांबली नाही.

"तू ठेचा खातेस?"

"नेहमीच आवडायचा."

मिरचीने जिभेस दाह का होतो, याचे कारण मी सांगू लागलो.

"जेवा, अण्णा. गार होतंय."

मी जेवलो. ठेच्याचा एक ठिपका भाकरीस लावून पाहिला; डोळ्यांतून पाणी आले, परंतु चव अपूर्व होती. मी आणखी मागितला.

"थांबा हं, पुरतोय का बघते. बायाला द्यायचाय."

आणि ती खरोखरच बघावयास उठली. वाटीत डोकावली, बायाचा वाटा बाजूला काढला, आणि उरलेल्यातला थोडासा माझ्या पानात वाढला.